बॅटरीच्या टूलने कॉपर पाइप फुगवताना : बोटं, डोळे आणि धंदा तिन्ही सांभाळा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बॅटरीवर चालणारं पाइप एक्सपांडर चालवून बघितलं. व्हिडिओत हात दिसतात, पण आकडे आणि कारणं लक्षात राहत नाहीत. म्हणून व्हिडिओसोबत हा लेख. वाचा, जमलं तर प्रिंट काढून दुकानात लावा, आणि हेल्परला स्वतः वाचून दाखवा. टूल मालक विकत घेतो, पण बहुतेक वेळा बोट हेल्परचं आत जातं.

हा धडा आरमोरी, वडसा, कुरखेडा, ब्रह्मपुरी या पट्ट्यात एसी-फ्रिजचं छोटं दुकान चालवणाऱ्यांसाठी आहे. मे महिन्यात ब्रह्मपुरी आणि चंद्रपूरचं नाव देशातल्या सर्वात गरम गावांच्या यादीत येतंच. पारा ४५ च्या पुढे गेला की फोन थांबत नाही. बँकेचा एसी, मेडिकलचा फ्रिज, किराणा दुकानाचा डीप फ्रीजर, सगळ्यांना आजच मेकॅनिक पाहिजे. घाई इथूनच सुरू होते, आणि घाईत वापरलेलं ताकदीचं टूल माफ करत नाही.

१. पाइप फुगवायचा कशाला?

दोन कॉपर पाइप जोडायचे दोन रस्ते आहेत. एक, मध्ये सॉकेट टाकून दोन्ही बाजूंनी गॅस वेल्डिंग म्हणजे ब्रेझिंग करायचं. दुसरा, एका पाइपचं तोंड फुगवून त्यात दुसरा पाइप बसवायचा आणि एकाच जागी ब्रेझिंग करायचं. यालाच आपण स्वेजिंग म्हणतो.

सॉकेट टाकलं की जोड दोन. फुगवलं की जोड एक. म्हणजे गॅस लीक होण्याची जागा अर्धी झाली, रॉड कमी लागला, वेळ वाचला. आर-३२ च्या एसीत उन्हाळ्यात आउटडोरच्या बाजूला ३० बारच्या वर, म्हणजे ४३५ पीएसआयपेक्षा जास्त प्रेशर जातं. एवढ्या प्रेशरमध्ये कच्चा जोड फार दिवस टिकत नाही.

फ्लेअर आणि स्वेज यांत गल्लत करू नका. फ्लेअर म्हणजे पितळी नट बसवण्यासाठी पाइपचं तोंड कर्ण्यासारखं पसरवणं. स्वेज म्हणजे तोंड सरळच ठेवून मोठं करणं. दोघांची टूलं वेगळी, कामं वेगळी.

२. टूलच्या आत काय घडतं?

एक्सपांडरच्या तोंडाला एक हेड असतं. ते हेड एकसंध नसतं, लसणाच्या पाकळ्यांसारखे त्याचे तुकडे असतात. टूलमधली मोटर एक निमुळता दांडा पुढे ढकलते. दांडा हेडच्या मधे घुसतो आणि पाकळ्या बाहेर उघडतात. पाइप आतून सगळीकडे सारखा दाबला जाऊन फुगतो. हाताच्या लिव्हरवाल्या एक्सपांडरचंही तत्त्व हेच. फरक एवढाच की तिथे जोर तुमच्या दंडाचा असतो, इथे मोटरचा.

हा फरक नीट समजून घ्या. हाताच्या लिव्हरने काही चुकलं तर हाताला कळतं. जोर जास्त लागतो, आपण थांबतो. मोटरला असं काही कळत नाही. पाकळ्यांमध्ये कॉपर आहे की बोट, तिला सारखंच. १२ किंवा १८ व्होल्टच्या बॅटरीचा करंट लागून माणूस मरत नाही, म्हणून लोक टूलला हलकं समजतात. इथे धोका करंटचा नाही, दाबाचा आहे.

३. ड्रिलला लावायचं बिट वेगळं

बाजारात स्वेजिंगचे बिटही मिळतात. ते कॉर्डलेस ड्रिलला लावायचे. बिट पाइपच्या तोंडात गरगर फिरतं, घर्षणाने तांबं तापून मऊ होतं आणि पसरतं. स्वस्त आहे, कामही होतं. पण त्याचे धोके वेगळे आहेत :

- बिट अडकलं तर ड्रिलची बॉडी उलटी फिरते आणि मनगट पिळवटतं. पाइप क्लॅम्पमध्ये पकडा, ड्रिल दोन्ही हातांनी धरा. एका हातात पाइप आणि एका हातात ड्रिल, हे कधीच नाही.
- हॅमर मोड बंद. ड्रिल सरळ रेषेत, जोर बेताचा.
- पाइपचं तोंड चटका बसेल इतकं तापतं. लगेच बोट लावून बघू नका.
- फिरणाऱ्या टूलजवळ सैल हातमोजे, गळ्यातला गमछा, लोंबणारी बाही नको. कापड गुंडाळलं गेलं की सोबत हातही जातो.
- तांब्याचे बारीक कण आत पडतात. ते कॉम्प्रेसरपर्यंत गेले तर पुढचा खर्च तुमचा.

एक्सपांडरमध्ये काही फिरत नाही, म्हणून तिथे हाताला घट्ट बसणारे पातळ मोजे चालतात. चष्मा मात्र दोन्हीकडे पाहिजेच.

४. टूल उचलायच्या आधी

पाइप फुगवायचा म्हणजे आधी कापायचा. आणि कापायचा म्हणजे लाइनमध्ये गॅस नाही याची खात्री करायची.

पहिलं, गॅस कोणता ते आउटडोरच्या स्टिकरवर वाचा. आर-२२ आणि आर-४१०ए सहसा पेटत नाहीत. आर-३२ हवेत मिसळून पेटू शकतो. आर-२९० तर प्रोपेनच आहे, म्हणजे घरच्या सिलिंडरचाच भाऊ. जुन्या सवयीने सगळ्या गॅसला एकच मानू नका. कॉर्डलेस टूलच्या मोटरमध्ये, स्विचमध्ये ठिणगी पडू शकते. बंद खोलीत गॅस साचला असेल तर ट्रिगर दाबणं म्हणजे काडी ओढणंच.

दुसरं, गॅस नीट काढा. रिकव्हरी मशीन असेल तर उत्तम. कॉम्प्रेसर चालू असलेल्या स्प्लिटमध्ये पंप-डाऊन करून गॅस आउटडोरमध्ये बंद करता येतो. पण एक नियम पक्का : दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि कॉम्प्रेसर बंद झाल्याशिवाय नट सोडायचा नाही. चालू कॉम्प्रेसरने हवा ओढली तर आत हवा, तेल आणि गॅस एकत्र दाबले जातात आणि कॉम्प्रेसर फुटू शकतो. यात मेकॅनिक दगावल्याच्या घटना जगभर झाल्या आहेत.

तिसरं, खिडक्या-दारं उघडा, आणि एमसीबी स्वतः खाली पाडा. "बंद केला जी" असं घरमालक म्हणाला तरी टेस्टर लावून बघा.

५. आता पायरीपायरीने

पाइप ओळखा. एसीचा पाइप बाहेरच्या व्यासावरून ओळखतात : पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, तीन सूत म्हणजे ९.५२, अर्धा इंच म्हणजे १२.७, पाच सूत म्हणजे १५.८८ मिमी. हेडवरचा आकडाही तोच पाहिजे. १२ मिमीचं हेड आणि अर्ध्या इंचाचा पाइप दिसायला सारखे असतात, पण जोड बसत नाही.

भिंतीची जाडी बघा. एसी-फ्रिजच्या कॉपर पाइपसाठी भारतीय मानक आयएस १०७७३ आहे. पाइप घेताना बिलावर आणि पाइपवर काय लिहिलंय ते बघा. अर्ध्या इंचाचा ०.८ मिमी जाडीचा पाइप फुगवला की तोंडाजवळची भिंत साधारण ०.७ मिमी राहते, कारण तेच तांबं जास्त घेरावर ताणलं जातं. पाइप मुळातच पातळ असेल तर फुगवल्यावर काय उरेल ते तुम्हीच बघा.

कटरने कापा. हॅक्सॉ ब्लेड नको. कटरचं चाक दर फेरीला थोडंच आवळा. एकदम आवळलं तर पाइप चेपतो.

बर काढा. कापल्यावर आतल्या कडेला धार राहते. रीमरने काढताना पाइपचं तोंड खाली धरा, म्हणजे कचरा बाहेर पडेल. ही पायरी सोडली तर फुगवताना तडा इथूनच सुरू होतो.

कडक पाइप असेल तर नरम करा. गुंडाळीत येणारा पाइप नरमच असतो, त्याला गरज नाही. सरळ कांडीत येणारा कडक असतो. त्याचं टोक मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. गरम पाइपवर हेड लावायचं नाही. हेडही खराब होतं आणि हातही भाजतो.

हेड बदलताना बॅटरी काढा. आजच्या धड्यातून एकच वाक्य घ्यायचं असेल तर हे घ्या. पाकळ्यांत कचरा अडकला, हेड फिरवायचंय, दांड्याला ग्रीस लावायचंय, काहीही असो, बॅटरी आधी बाहेर. नुसता लॉक लावून भागत नाही. टूल मांडीवर धरलं की ट्रिगर केव्हा दाबला जातो ते कळत नाही.

हेड शेवटच्या आट्यापर्यंत बसवा. अर्धवट बसलेल्या हेडवर सगळा जोर दोन-तीन आट्यांवर येतो. आटे जातात, हेड सुटून उडूही शकतं. कंपनीच्या पुस्तकात सांगितलं तेवढं ग्रीस दांड्याला लावा. जास्त नाही, कारण ते पाइपमध्ये जातं.

पाइप पूर्ण आत घाला. अर्धाच घातला तर सॉकेट आखूड होतं. अंदाज सोपा आहे : जोडाची खोली किमान पाइपच्या बाहेरच्या व्यासाएवढी. अर्ध्या इंचाच्या पाइपला साधारण १३ मिमी, तीन सूताला साधारण १० मिमी.

दुसरा हात लांब. पाइप तोंडापासून किमान एक वीत मागे धरा. दुसऱ्या माणसाला पाइप धरायला लावलं असेल तर ट्रिगर कोण दाबणार हे आधी ठरवा, आणि तो बोलल्याशिवाय दाबणार नाही. "धर", "सोड" हे दोन शब्द पुरे.

दोनदा दाबा. पहिल्या दाबाने पाकळ्यांच्या फटींच्या उभ्या रेषा पाइपमध्ये उमटतात. टूल थोडं फिरवून परत एकदा दाबा म्हणजे तोंड गोल होईल. त्याहून जास्त दाबत बसू नका. तांबं वारंवार ताणलं की कडक होतं आणि फाटतं.

तपासा. उजेडात धरून तडा आहे का बघा. दुसरा पाइप हाताने सरकायला पाहिजे, पण लटपटायला नको. ब्रेझिंगला दोन्हींमधली फट साधारण ०.०२५ ते ०.१२५ मिमी लागते. तेवढ्या बारीक फटीतच वितळलेला रॉड स्वतः आत ओढला जातो. सैल जोडात रॉड आत जाण्याऐवजी वरच साचतो. तडा दिसला तर तेवढा तुकडा कापून टाका. तड्यावर रॉड भरून झाकू नका.

शिडीवर किंवा भिंतीच्या कठड्यावर उभं राहून पाइप फुगवू नका. फुगवायचं काम खाली जमिनीवर, वर नेऊन फक्त जोडायचं. वर करणं टाळताच येत नसेल तर टूलला दोरी बांधा. बॅटरीसकट टूल खाली उभ्या माणसाच्या डोक्यात पडलं तर तो दवाखान्यातच जाईल.

६. बॅटरी आणि आपलं ऊन

आपल्या गावात कॉर्डलेस टूलचा मोठा फायदा आहे. लाइट गेली तरी काम थांबत नाही आणि ग्राहकाच्या घरी बोर्ड शोधत फिरावं लागत नाही. पण लिथियम बॅटरीला आपलं ऊन सोसत नाही.

- बहुतेक कंपन्या ४०-४५ अंशांच्या वर चार्जिंग करू नका म्हणतात. मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी त्याहून जास्त तापमान असतं. चार्जिंग सकाळी किंवा रात्री, सावलीत, हवेशीर जागी करा.
- बाइकच्या डिक्कीत, गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरी ठेवू नका.
- वापरून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. थंड होऊ द्या.
- टूलच्या पिशवीत कॉपरचे तुकडे, रॉडचे तुकडे, नट पडलेले असतात. बॅटरीच्या दोन्ही टोकांना एक तुकडा लागला की शॉर्ट. बॅटरीला तिचं प्लॅस्टिकचं झाकण लावा आणि वेगळ्या कप्प्यात ठेवा.
- पडून चेपलेली, फुगलेली, वास येणारी बॅटरी वापरू नका, उघडू नका. स्वस्तात सेल बदलून देणाऱ्याकडे जायच्या आधी विचार करा, ती बॅटरी रात्री तुमच्याच दुकानात चार्ज होणार आहे.
- ब्रेझिंगचा टॉर्च पेटवायच्या आधी टूल आणि बॅटरी लांब ठेवा.

७. फुगवल्यानंतर

जोड बसला, आता ब्रेझिंग. लाइनमध्ये आर-३२ चा थोडा गॅस राहिला आणि त्यावर ज्योत गेली तर आग लागू शकते, आणि जळलेल्या गॅसपासून विषारी वाफ तयार होते. डोळे-घसा चुरचुरायला लागला तर टॉर्च बंद करून बाहेर या. ब्रेझिंग करताना पाइपमधून नायट्रोजन हळू सोडा, नाहीतर आतून काळी खपली धरते आणि पुढे कॅपिलरीत अडकते.

मग प्रेशर टेस्ट. ती कोरड्या नायट्रोजननेच करायची, रेग्युलेटर लावून. ऑक्सिजनने कधीच नाही. वेल्डिंगसाठी ऑक्सिजनचं सिलिंडर जवळच उभं असतं आणि नायट्रोजन आणायला लांब जावं लागतं, म्हणून कुणी तरी सुचवतंच. कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. असं सुचवणाऱ्याला तिथेच थांबवा, तो वयाने कितीही मोठा मिस्त्री असो.

८. आता आपलं गणित

मी बीबीए केलं, आणि दुकानात सगळ्यात कामी आला तो घसाऱ्याचा धडा. टूल महाग की स्वस्त हे किमतीवरून ठरत नाही, एका जोडाला किती पडलं यावरून ठरतं.

समजा टूल ३६,००० रुपयांना पडलं आणि ३ वर्षं चालणार. म्हणजे महिन्याला १,००० रुपये. महिन्याला १०० जोड करत असाल तर एका जोडाला १० रुपये. १० च जोड करत असाल तर १०० रुपये. यात नवीन बॅटरीचा खर्च धरला नाही, तो वेगळा जोडा. आकडे माझे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमच्या कोटेशनचे टाका.

महिन्याला दहा-पंधराच जोड होत असतील तर हाताचं लिव्हरवालं एक्सपांडर पुरे. त्यात कमीपणा नाही. दिवसभर पाइपिंगचं काम मिळत असेल, बँक-शाळा-मंगल कार्यालयाचे ठेके असतील, तर कॉर्डलेस घ्या.

दुसरा हिशोब परत जाण्याचा. जोड लीक झाला तर वैरागडला परत जायचं पेट्रोल, परत भरलेला गॅस, अर्ध्या दिवसाची मजुरी आणि त्या दिवशी सोडलेलं दुसरं काम. चारही आकडे एका कागदावर लिहा आणि बेरीज करा. बर काढायला आणि तोंड तपासायला लागणारी दोन मिनिटं किती स्वस्त आहेत ते कळेल.

९. मालकाची जबाबदारी

"भाऊ, दोन मिनिटाचं काम आहे, चष्मा कशाला?" हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं. उत्तर असं द्या : चष्मा नाही तर टूल नाही. आणि हा नियम आधी स्वतः पाळा. मालक चष्मा खिशात ठेवत असेल तर हेल्परही तेच शिकणार.

कामावर दुखापत झाली तर जबाबदारी मालकाचीच. म्हणून एक छोटं काम आजच करा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, बँक खात्यातून कापला जातो, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात-पाय गेल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय कायमचा गेल्यास १ लाख मिळतात. बोट कापलं, भाजलं याचा खर्च यात येत नाही, तो तुम्हालाच बघावा लागेल. तरीही २० रुपयांचा फॉर्म न भरण्याला कारण नाही. तुमच्याकडच्या प्रत्येक पोराचा फॉर्म भरला आहे का, बँकेत विचारा.

नवीन पोराला पहिल्या दिवशी टूल देऊ नका. आधी हाताच्या एक्सपांडरने भंगारातल्या तुकड्यांवर वीस तोंडं फुगवून घ्या. त्यातली किती फाटली, का फाटली, हे त्याच्याकडून वदवून घ्या. मग बॅटरीचं टूल. हाताला तांब्याचा अंदाज आला की मोटरवरही ताबा राहतो.

या आठवड्याचा गृहपाठ

एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात हे सहा प्रश्न लिहा आणि टूलच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा :

१. गॅस कोणता? पूर्ण काढला का?
२. एमसीबी बंद, खिडकी उघडी?
३. चष्मा डोळ्यावर आहे का?
४. हेड पाइपच्याच मापाचं आणि पूर्ण आवळलेलं?
५. हेडला हात लावताना बॅटरी बाहेर आहे का?
६. तोंड तपासलं का? तडा असेल तर कापा.

पेटी उघडली की आधी हे वाचायचं, मगच टूल बाहेर काढायचं. पहिले चार दिवस पोरं हसतील, नंतर सवय होईल. पुढच्या धड्यात ग्राहकाला पाइपिंगचं कोटेशन लेखी कसं द्यायचं ते बघू, म्हणजे काम झाल्यावर पैशावरून वाद होणार नाही.

सीझन चांगला जावो. सांभाळून काम करा.